फिनलंडचं कौतुक करा, पण पेक्का वेन्नामोचंही सांगा

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातला फिनलंडवरचा लेख वाचला. तिकडे म्हणे सरकारी कंपन्यांवर पुढारी बसवतच नाहीत, सगळं कसं धुतल्या तांदळासारखं. मी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, त्यामुळे तिकडच्या टेलिफोन कंपनीबद्दल थोडंफार वाचलेलं होतं, म्हणून हे पत्र.

लेखात पेक्का वेन्नामोचं, म्हणजे पुढारी असून तिकडच्या सरकारी टेलिफोन कंपनीच्या डोक्यावर बसलेल्या माणसाचं, नाव कुठेच नाही. ह्याचा बाप वेइक्को वेन्नामो, फर्डा वक्ता, 1959 मध्ये छोट्या शेतकऱ्यांचा पक्ष काढला, नंतर त्याचाच ग्रामीण पक्ष झाला. बड्या लोकांना तो भाषणात 'घोटाळेबाज साहेब' अशा अर्थाचा शब्द वापरून झोडपायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. 1979 ला पक्ष मुलाकडे आला. 1983 च्या इलेक्शनला 200 पैकी 17 सीटा आल्या, मग पक्ष सरकारात गेला आणि पेक्का अर्थखात्यात दुसरा मंत्री झाला, 1987 ला वाहतूक मंत्री. पोस्ट आणि टेलिफोन त्याच मंत्रालयाखाली, आणि 1989 ला मंत्रीपद सोडून साहेब कुठे गेले, तर त्याच पोस्ट आणि टेलिफोन खात्याचे प्रमुख म्हणून! आपल्याकडे असं झालं असतं तर तुम्हीच पहिल्या पानावर ठोकलं असतं.

आता माणूस नुसता खुर्ची उबवत बसला असंही नाही, ते सांगायलाच पाहिजे. 1994 ला खात्याची सरकारी कंपनी झाली, 1998 ला पोस्ट वेगळं, टेलिफोन वेगळं, टेलिफोनचं नाव सोनेरा, आणि त्याच नोव्हेंबरात शेअर बाजारात, हे सगळं तो वर असतानाच. आमच्याकडे तेव्हा बीएसएनएल जन्मायचीच होती, खातंच कंपनी होणार म्हटल्यावर पेन्शनचं काय ह्यावर कॅन्टीनमध्ये भांडणं चालायची.

पण शेअर विक्रीला काढले तेव्हा ह्याने स्वतःसुद्धा सोनेराचे शेअर घेतले आणि त्यावरून बोंबाबोंब झाली. कायद्यात काय बसतं नि काय नाही ह्यात मी पडत नाही, पण बापाने ज्या साहेबलोकांना आयुष्यभर शिव्या घातल्या त्यांच्याच रांगेत पोरगा दिसायला लागला ना. जानेवारी 1999 मध्ये पेक्काला खुर्ची सोडावी लागली. आणि त्याच महिन्यात वाहतूक मंत्री मात्ती आउरा, जो दुसऱ्याच पक्षाचा, त्यानेही ह्याच प्रकरणात राजीनामा दिला. निवडणूक दोन महिन्यांवर होती, तेवढे दिवस रेटून नेता आले असते की.

तेव्हा लेखकाला माझं एवढंच म्हणणं, कौतुक करायचं तर आउराच्या ह्या राजीनाम्याचं करा. तो भाग लिहिलात तर कात्रण काढून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त टेलिफोनवाला, सातारा