आमच्या ट्रान्सप्लांट क्लिनिकच्या मराठी सिस्टरना जाहीर थँक्यू

सिस्टर, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही माहितीये, पण वाचलंत की लगेच ओळखाल.

इथे इंग्लंडमध्ये किडनी बसवल्यावर टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) रक्तातली लेव्हल बघायला सारखं रक्त द्यायला जायचं म्हणजे काय वैताग असतो ते ज्याचं त्यालाच कळतं. सकाळची गोळी न घेता निघायचं, कारण रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी औषध सगळ्यात कमी असतं आणि तीच लेव्हल हवी असते, मग बस, रांग, कामावर अर्धी रजा, त्यात माझ्या शिरा डायलिसिसने पार कामातून गेलेल्या, फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेच्या) हाताला सुई लावायची नाही आणि दुसऱ्या हातात शीर सापडेल तर शपथ.

तुम्ही घरी बोट टोचायचा किट दिलात तेव्हा मला काही पटेना, एवढ्याशा थेंबावर डॉक्टर डोस ठरवणार? तुम्ही हसला नाहीत, नीट बसून मराठीत सांगितलंत की हे औषध बहुतेक लाल पेशींतच असतं म्हणून अख्खं रक्त लागतं, पण लॅबमधल्या मास स्पेक्ट्रोमीटर मशीनला 20 मायक्रोलिटर, म्हणजे एक छोटा थेंबसुद्धा पुरतो, आणि बाळांच्या टाचेचा थेंब कागदावर वाळवून तपासणं तर 1960 च्या दशकापासून चालू आहे. मग कुठे जीव भांड्यात पडला.

आणि शिकवलंत कसं! हात कोमट पाण्यात धरा, खाली सोडा, बोटाच्या मधोमध नाही कडेला टोचा, पहिला थेंब पुसून टाका, पिळू नका, पिळलं की आतलं पाणी मिसळतं. किटमधल्या रक्त शोषणाऱ्या काडीचं पांढरं टोक थेंबाला नुसतं टेकवायचं, बुडवायचं नाही, ते लालभडक झालं की दोन सेकंद थांबायचं, मग वाळवून पोस्टात. टोचायच्या आधी टॅक्रोलिमसच्या कॅप्सूलला हात लावायचा नाही, बोटाला कण राहिला तर लेव्हल उगाच जास्त दिसते, हे तर मला स्वप्नातही सुचलं नसतं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तुमचं दटावणं. "गोळी उशिरा घेतली असेल तर खरी वेळ लिहा, मी रागावणार नाही, पण खोट्या वेळेवर डोस बदलला तर किडनी रागावेल." फॉर्म भरताना दरवेळी तुमचाच आवाज ऐकू येतो.

हो आणि पपनसाचं विचारलं होतं तेव्हा ग्रेपफ्रूटने ह्या औषधाची लेव्हल वाढते आणि ते पपनसाच्याच खानदानातलं, म्हणून दोन्ही बंद म्हणालात. आईला फोनवर सांगितलं तर ती अजून नाराज आहे, तिच्या मते पपनसाने कोणाचं कधी वाईट झालेलं नाही!

तुम्ही दुसऱ्या हॉस्पिटलला गेलात असं क्लिनिकमध्ये कळलं, म्हणून इथे लिहितेय. मागच्या थेंबाचा रिपोर्ट आला, लेव्हल थोडी वर होती, संध्याकाळची 0.5 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल कमी केलीये. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते सांगणारी रक्ततपासणी) ठीक आहे. खूप खूप आभार सिस्टर.