मिथुन उल्कावर्षाव मुलांना दाखवण्यासाठी मदतीचे आवाहन

ठाणेकर बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार.

१३ डिसेंबरच्या रात्रीपासून १४ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत मिथुन उल्कावर्षाव ऐन भरात असतो. तो महापालिका शाळांतील आठवी ते दहावीच्या मुलामुलींना दाखवण्यासाठी आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाने मुरबाड तालुक्यात, माळशेज घाटाच्या पायथ्याशी मुक्कामी कार्यक्रम आखला आहे. ऑगस्टमधला ययाति उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा पावसाळी ढगांतच जातो, त्यामुळे ठाण्याच्या मुलांसाठी डिसेंबरची हीच रात्र खरी.

उल्का पाहायला दुर्बीण लागत नाही, काळोखे आकाश लागते, आणि ते वागळे इस्टेटपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत कुठेच उरलेले नाही. म्हणूनच आमचा सर्वांत मोठा खर्च बसभाड्याचा आहे.

ठाणे स्थानकाच्या फलाटावरून पाहिल्यास समांतर रूळ जसे दूरवर एकत्र आल्यासारखे वाटतात, तशाच समांतर येणाऱ्या उल्का आकाशातील एकाच बिंदूतून फुटल्यासारख्या भासतात. तो बिंदू ज्या तारकासमूहात असतो, त्याचे नाव वर्षावाला मिळते. मिथुनेचा बिंदू पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. बहुतेक वर्षावांचे कण धूमकेतूंनी मागे सोडलेले असतात, मिथुनेचे मात्र १९८३ साली सापडलेल्या फेथन या लघुग्रहाचे आहेत. जानेवारीच्या सुरुवातीच्या ‘क्वाड्रंटिड’ वर्षावाची कथा तर मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे: फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी १७९५ साली कल्पिलेला ‘क्वाड्रान्स म्युरालिस’ हा तारकासमूह आज अधिकृत यादीत नाही, त्याचा भाग भूतप तारकासमूहात गेला, तरी वर्षावाने जुने नाव सोडलेले नाही.

बसभाडे आणि रात्रीच्या जेवणासाठी आपण यथाशक्ती देणगी द्यावी. पैशांशिवाय सतरंज्या, जुनी पण धुतलेली ब्लँकेटे, कानटोप्या आणि विजेऱ्यांवर लावायला लाल जिलेटिन कागद हवा आहे, कारण पांढऱ्या प्रकाशाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात आणि सरावायला वीसेक मिनिटे जातात. मुलींच्या गटासोबत रात्रभर थांबू शकतील अशा महिला स्वयंसेवकांची, तसेच एका डॉक्टरांची आम्हांला विशेष गरज आहे.

देणगी व साहित्य ३० नोव्हेंबरपर्यंत मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सात ते नऊ या वेळेत द्यावे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि कार्यक्रमानंतर खर्चाचा संपूर्ण हिशेब कार्यालयाच्या फलकावर लावण्यात येईल.

आपले विनीत,
कार्यकारिणी सदस्य