गिरणगावात कला आणताय, तर तालमीलाही जागा द्या साहेब

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. मी लालबागचा, चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेला. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते परत कधी कामावर गेलेच नाहीत. असो, तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.

आता लोअर परळ-महालक्ष्मीला गिरण्यांच्या जुन्या शेडमध्ये गॅलऱ्या, स्टुडिओ झालेत. मी पण एकदा जाऊन आलो, नाटक मस्त होतं खरंच, फक्त तिकीट आणि कॉफी धरून आमच्या घरची आठवड्याची भाजी झाली. रंग उडालेली भिंत मुद्दाम तशीच ठेवलेली आणि पोरं तिच्यापुढे फोटो काढत होती.

पण कला इथे आत्ता आली असं कोणी बोललं ना की डोकं फिरतं. अहो अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या शाहिरांचं लालबावटा कलापथक १९४४ चं, गिरणगावात त्यांच्यासाठी किती गर्दी व्हायची ते म्हाताऱ्यांना विचारा. कवी नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबलेले. आमच्या चाळीत दुसरी पाळी सुटली की नमनाची, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याची, तालीम सुरू व्हायची आणि तक्रार कोण करणार, शेजारीच मृदंगावर बसलेला असायचा. आता रात्री ढोलकी वाजली की टॉवरमधून पोलिसांना फोन. परळचं दामोदर नाट्यगृह, १९२२ चं, तेही पुनर्विकासात गेलं.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल २-३ च्या जागेवर टेक्स्टाइल म्युझियम ठरलंय. ते पालिकेचं आहे, तुमच्या खात्याचं नाही, माहितेय मला, पण तुमचा शब्द चालतो. तिथे माग ठेवा, फोटो लावा, पण एक साधा हॉल तालमीसाठी पण ठेवा, नमन, शक्ती-तुरा, भजन, एकांकिका सगळ्यांसाठी, संध्याकाळी सात ते अकरा, आणि भाडं मंडळाच्या वर्गणीतून निघेल एवढंच. एसी नसला तरी चालेल, पंखे पुरे.

आणि हो, गिरणी कामगारांना घरं मुंबईबाहेर शेलू-वांगणीला देताय, मग इथे मृदंग धरणार कोण? आमच्या मंडळातले तिघं आत्ताच बदलापूरहून येतात, शेवटची गाडी चुकेल म्हणून तालीम अर्धवट टाकून पळतात. शिमग्याच्या आत काय ते कळवा, तेव्हाच आम्ही जागा शोधत फिरत असतो.

आपला,
लालबागचा एक नमनवाला