भिंगऱ्यांना चिखल हवा आहे

सर्व रहिवाशांना नम्र आवाहन.

वळचणीला किंवा जिन्याच्या छताखाली चिकटलेलं घरटं काठीच्या एका फटक्यात पडतं. ते बांधायला भिंगरी या छोट्या पक्ष्याच्या जोडीला साधारण हजारभर खेपा लागतात, दर खेपेला चोचीत मावेल एवढा चिखलाचा ओला गोळा घेऊन. थोडं रचायचं, मग सुकू द्यायचं; ओल्यावर ओलं चढवलं की सगळंच गळून येतं. जुनं घरटं डागडुजी करून पुन्हा वापरतात, म्हणून रिकामं दिसलं तरी पाडू नका.

खरी अडचण मातीची आहे. जिकडेतिकडे फरशी आणि डांबर. चिकणमाती मिळाली नाही की भिंगऱ्या रेताड गाळ उचलतात. तो सुकला की भुसभुशीत होतो आणि पिल्लं अंगाने भरली की घरटं भिंतीपासून सुटतं. गुळगुळीत ऑइलपेंटवरही हेच होतं.

म्हणून आधी चिखलाचे खळगे करू या: मीटरभर रुंद, चार बोटं खोल, आत चिकणमाती, घरट्यांपासून 200 मीटरच्या आत. जागा उघडी हवी. चिखल उचलायला भिंगरी जमिनीवर उतरते आणि झुडपाआड मांजर दबा धरून असतं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागेल. बोट दाबलं की ठसा उमटावा एवढीच ओल ठेवा. पाणी साचलं तर डास होतील.

घरट्यांना आधार म्हणून फळ्याही हव्या आहेत. रंग न दिलेल्या, खरबरीत, 25 सेंमी लांब आणि 12 सेंमी रुंद. छताखाली 15 सेंमी सोडून त्या ठोकायच्या. लालबुडी भिंगरी मात्र सुरईसारखं घरटं थेट छतालाच चिकटवते. तिला फळीचा उपयोग नाही, चिखलच लागतो. विष्ठेचा त्रास असेल तर घरट्याखाली निदान 60 सेंमीवर 30 सेंमी रुंदीची दुसरी फळी लावून देऊ. याहून जवळ लावली तर कावळ्याला बसायला जागा होते.

घरटं असलेल्या भिंतीची रंगरंगोटी थांबवा. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी तीन. उडू लागल्यावरही ती काही रात्री घरट्यात परततात, आणि पुष्कळदा लगेच दुसरी वीण सुरू होते.

घरटं पडलंच तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून पिल्लं त्यात ठेवा आणि टोपली त्याच जागी उंचावर बांधा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लांना टाकत नाहीत. दूध, पाव, भात काहीही भरवू नका. ती फक्त किडे खातात.

जुन्या फळ्या, चिकणमातीची पोती, स्क्रू, उंच शिडी, जे जमेल ते द्या. खळग्यांवर पाणी शिंपडायला रोज दहा मिनिटं देणारी माणसं सर्वांत आधी हवी आहेत, कारण एक दिवस चुकला तरी चिखल कडक होतो आणि बांधकाम अर्ध्यावर थांबतं. शिडी देणाऱ्यांनी ती खालून धरायला एक माणूसही सोबत पाठवावा.