तंजावर म्हणजे केवळ भोसल्यांचा वाडा नव्हे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत तंजावरविषयी आलेला लेख वाचला. सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या प्राकारात 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, दुसऱ्या सरफोजी राजांचा विद्याव्यासंग हे सारे त्यात आले आहे आणि ते यायलाच हवे. मात्र पावसाळा सरलेला असल्यामुळे वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीत तेथे जावे, असा जो सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे, तो पाहता राजवाड्यापलीकडचा जिल्हा लेखकाने विचारातच घेतला नसावा असे वाटते. आपल्याकडून मोसमी पाऊस माघारी फिरतो, त्याच सुमारास तंजावरचा मुख्य पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडील वारे बंगालच्या उपसागरावरचे बाष्प घेऊन येतात, वर्षाच्या पावसापैकी निम्म्याच्या आसपास पाऊस याच तीन महिन्यांत पडतो आणि चक्रीवादळांचेही हेच दिवस असतात. नोव्हेंबर 2008 मध्ये ‘निशा’ वादळाच्या वेळी जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे एका दिवसात 65 सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला होता. पुढे 16 नोव्हेंबर 2018 रोजी आलेल्या ‘गज’ वादळाने पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी या भागांतील नारळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या. भाताचे पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते. नारळीचे झाड धरायला कित्येक वर्षे जातात, हे कोकणातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

या जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की, त्याला दोन पावसाळे पोसतात आणि त्यांपैकी एक त्याच्या शिवारात फारसा पडतच नाही. जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी पाऊस सह्याद्रीवर कोसळतो, तेव्हा तंजावर तापलेलेच असते. पण कोडगूच्या डोंगरांत पडलेले पाणी कावेरीतून खाली येते आणि तमिळ पंचांगातील आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, नदी चढल्याचा सण काठाकाठाने साजरा होतो. हे पाणी सेलम जिल्ह्यातील मेट्टूर धरणात अडवले जाते. 1934 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता 93.47 टीएमसी, म्हणजे आमच्या कोयनेहून थोडी कमीच आहे. 12 जून हा त्याचे दरवाजे उघडण्याचा परंपरेने ठरलेला दिवस. त्या दिवशी पाणी सुटले तर कमी मुदतीचे कुरुवै भात वेळेवर लागते. त्यामागून मुख्य हंगामाचे सांबा आणि कुरुवैच्या कापणीनंतर त्याच रानात तालडी. 2012 ते 2019 या काळात ठरलेल्या दिवशी दरवाजे एकदाही उघडता आले नाहीत, ते 2020 साली उघडले गेले. आपल्या वृत्तपत्रांत कावेरीची बातमी येते ती बहुधा बेंगळुरूतील बंद, न्यायालयाचा निकाल किंवा जाळपोळ यांची. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये तामिळनाडूला देण्याचे ठरवलेले 177.25 टीएमसी पाणी वर्षाकाठी किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या महिन्यात मिळाले, यावर कुरुवैचे भवितव्य अवलंबून असते. हा भाग त्या बातम्यांत क्वचितच सापडतो.

आता इतिहासाकडे वळतो, कारण खरी उणीव मला तेथे वाटते. तिरुचिरापल्लीच्या वर कावेरीचे दोन प्रवाह होतात. उत्तरेकडचा कोल्लिडम, दक्षिणेकडची कावेरी आणि मध्ये श्रीरंगमचे बेट. बेटाच्या खालच्या टोकाशी दोन्ही प्रवाह पुन्हा एकमेकांजवळ येतात आणि कोल्लिडमचे पात्र सखल असल्याने कावेरीचे पाणी तिकडे धाव घेऊ पाहते. ते तसे गेले, तर सरळ समुद्राला मिळते आणि तंजावरचे कालवे कोरडे पडतात. त्याच जागी करिकाल चोळाच्या नावाने ओळखले जाणारे कल्लणै हे प्राचीन धरण उभे आहे. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास बृहदीश्वराचे बांधकाम पूर्ण केले, ते या पाण्यावर पिकलेल्या भाताच्या बळावर. गाळाच्या या सपाट मुलखात दगड नसताना सारा ग्रॅनाइट बाहेरून वाहून आणणे हे भरल्या कोठारांच्या राज्यालाच परवडणारे होते.

चोळांनंतरच्या सत्तांतरांचा तपशील येथे देत बसत नाही. नायकांकडून हे राज्य 1675-76 च्या सुमारास व्यंकोजीराजांच्या हाती आले. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले आणि दोघा भावांची भेट झाली, ती कोल्लिडमच्या काठी तिरुमळवाडीला. भावाभावांतील वाट्याची ती गोष्ट आपण चवीने सांगतो, पण महाराजांनी कोल्लिडमच्या उत्तरेचा मुलूख आपल्याकडे घेतला, म्हणजे वाटणीची रेघ या नदीनेच आखून दिली, हे सांगायचे राहून जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या शतकातली आहे. कावेरीचे पाणी कोल्लिडमात घसरू न देणारा बांध नवाबाच्या ताब्यातील तिरुचिरापल्लीच्या मुलखात येत होता आणि त्याची डागडुजी कोणी करायची यावरून 1760 च्या दशकात अर्काटचा नवाब आणि तंजावरचा दरबार यांच्यात तंटा उभा राहिला. ज्याच्या हाती बांध, त्याच्या हाती तंजावरचा सारा महसूल, अशी ती अडचण होती. 1773 साली नवाबाने कंपनीच्या फौजेसह राज्य घेतले, 1776 मध्ये ते तुळजाजीराजांना परत मिळाले, तोच 1781 मध्ये हैदर अलीच्या स्वारीने शिवारे उद्ध्वस्त केली. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि 1855 मध्ये औरस पुत्र नाही म्हणून उरलेसुरले राजेपणही संपले. बांधाच्या मूळ दुखण्यावर इलाज झाला तो 1836 मध्ये, आर्थर कॉटन यांनी कोल्लिडम कावेरीपासून फुटतो तेथे बंधारा घातला तेव्हा. त्या वेळी तंजावरच्या गादीवरील राजाकडे किल्ल्याबाहेर अधिकार उरला नव्हता.

तंजावर म्हणजे सगळीकडे हिरवेगार, हा समजही अर्धाच खरा आहे. कुंभकोणम्, पापनाशम्, तिरुवैयारु हा जुना त्रिभुज प्रदेश. शहराच्या नैर्ऋत्येला वल्लमकडे मात्र तांबड्या जांभ्याचा उंचवटा लागतो, आणि ओरत्तनाडू-पट्टुकोट्टैकडील नव्या भागाला कालव्याचे पाणी मिळाले ते मेट्टूरबरोबरच, 1934 मध्ये. या सुपीकतेचा उपभोग सर्वांना सारखा मिळाला असेही नाही. जमीन मिरासदारांची आणि देवस्थानांची, कष्ट भूमिहीनांचे, ही स्थिती इतकी टोकाची होती की, 1952 मध्ये तंजावरच्या कुळांसाठी व शेतगड्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही 25 डिसेंबर 1968 रोजी कीळवेणमणी येथे मजुरीच्या वादातून 44 दलितांना जाळून मारण्यात आले. ते गाव आज नागपट्टिनम जिल्ह्यात असले, तरी त्या वेळी तंजावर जिल्ह्यातच होते; 1991 नंतरच्या विभागण्यांनी जिल्हा आक्रसला, म्हणून तो इतिहास त्याच्या खात्यातून वजा होत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली, प्रवासाच्या हंगामाविषयीची दुरुस्ती छापावी. सांबाची कापणी चालू असते तो जानेवारी-फेब्रुवारीचा काळ प्रवासाला उत्तम. कालवे भरून वाहताना पाहायचे असतील तर ऑगस्टमध्ये जावे, उकाडा सोसण्याची तयारी मात्र ठेवावी. दुसरी, पुरवणीत सुचवलेल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमात एक सकाळ कल्लणैसाठी काढावी. तिरुचिरापल्लीहून तेथे सहज जाता येते, आणि धरणावरील पुलावर उभे राहिले की कावेरी, तिचा फाटा वेण्णारु आणि 1934 चा नवा कालवा यांची दारे ओळीने दिसतात. ती पाहून मग राजवाड्यात गेल्यास तेथील मोडी कागदांचा अर्थ अधिक नीट लागेल.

आपला,
एक वाचक, सातारा