‘एकट्याने उभं केलं’ असं लिहिलेल्या अर्जांबद्दल

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "लिहून पाठव, म्हणजे निवड समितीच्या बैठकीत वाचून दाखवता येईल." म्हणून हे पत्र. मंडळाच्या उद्योजक सन्मानासाठी आलेले सगळे अर्ज मी वाचले. बहुतेकांची सुरुवात हलाखीतून आहे आणि शेवट वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या गाळ्यात. यातलं खरं किती, हे घरबसल्या कसं कळणार, असा तुमचा प्रश्न आहे.

अर्जांत लिहिलेले ‘खिशातले पाचशे रुपये’ कुठल्याच सरकारी नोंदीत सापडायचे नाहीत. ते शोधूही नका. माणसाने सोसलेल्या हालांचा पुरावा मागणं मला पटत नाही. पाहायचं ते त्याने कामाबद्दल आणि दुसऱ्या माणसांबद्दल काय लिहिलंय ते. बँकेत छोट्या उद्योगांच्या कर्जाच्या फायली रोज माझ्यासमोर येतात. अशा कहाण्यांत धडधडीत खोटं फार थोडं असतं, गाळलेलं मात्र पुष्कळ. आणि गाळली जातात ती माणसं.

आई, बाबांच्या हातून फोन घेऊन तू विचारलंस, "या सगळ्यात याची बायको कुठे आहे गं?" मला वाटतं, समितीने याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

ते पॅकिंग मशीनवाले गृहस्थ लिहितात, 2008 साली एकट्याने कंपनी काढली. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी एकट्याला काढताच येत नाही; निदान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. (एकट्याच्या कंपनीची सोय 2013 च्या कायद्याने झाली, आणि तिच्या नावातच तसं लिहावं लागतं.) मग दुसरं कोण होतं? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरले की कंपनीने दाखल केलेले कागद बघता येतात. त्यात मेमोरँडम, म्हणजे कंपनी स्थापन करतानाचा मूळ दस्तऐवज असतो, आणि त्याच्या शेवटी पहिले शेअर घेणाऱ्यांची नावं, व्यवसाय आणि सह्या. मी ते पान उघडलं. एक सही त्यांची, दुसरी त्यांच्या पत्नीची. तिच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ असं आहे. धंदा नवा असताना घरात दर महिन्याला पगार कुणाचा येत असेल, हे आई तुला सांगायला नको. पुढच्या वार्षिक विवरणपत्रांत तिसरे एक संचालक दिसतात, काही वर्षांनी त्यांचा राजीनामा आहे. अर्जात या दोघांचंही नाव नाही.

एवढ्यावरून त्यांना खोटं ठरवू नका. पत्नीची सही नावापुरती असू शकते, भागीदाराशी वाईट वाजलं असू शकतं. कागदामुळे आपल्याला विचारायला जागा मिळते, इतकंच. त्यांना फोन करा आणि सरळ विचारा. ज्याने खरोखर काम केलंय तो बहुतेक वेळा मोकळेपणाने सांगतो, कारण ती माणसं त्याला आठवत असतातच. अर्ज लिहिताना तेवढी सुटलेली असतात.

हे मोठ्या नावांच्या बाबतीतही होतं. टेस्ला म्हटलं की इलॉन मस्क डोळ्यांसमोर येतात. ती कंपनी जुलै 2003 मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी नोंदवली. मस्क 2004 च्या सुरुवातीला गुंतवणूकदार म्हणून आले. संस्थापक कुणाला म्हणायचं हा वाद कोर्टात गेला आणि 2009 मध्ये तडजोड होऊन पाच जणांना सहसंस्थापक म्हणायचं ठरलं. ईबेबद्दल वर्षानुवर्षं सांगत होते की संस्थापकाने होणाऱ्या बायकोला खेळण्यातल्या गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून ती साइट काढली. प्रसिद्धीसाठी ही गोष्ट रचली होती, हे नंतर कंपनीतूनच कबूल झालं. उलट इन्फोसिसची गोष्ट बघा. 1981 साली सात जण, आणि सुधा मूर्तींनी साठवलेले 10,000 रुपये. ती सांगणारा प्रत्येक जण पैसे कुणी दिले ते नावासकट सांगतो, आणि त्याने नारायण मूर्तींचा मान तसूभरही कमी झालेला नाही.

आता एक काळजीची गोष्ट. समितीतलं कुणीतरी उत्साहाने तारखा काढून बसेल आणि एखाद्या प्रामाणिक माणसावर अन्याय होईल. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणाचाही नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालकी कशी आहे आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. पण जुन्या व्यापाऱ्यांची तारीख तिथे 1 जुलै 2017 अशी येते, कारण त्या दिवशी जीएसटीच लागू झाला. नौपाड्यात पन्नास वर्षं दुकान चालवणाऱ्याची नोंदही तशीच दिसेल. कंपनीच्या 21 अक्षरी ओळख क्रमांकात स्थापनेचं वर्ष असतं, पण तो माणूस आधी दहा वर्षं प्रोप्रायटर म्हणून धंदा करत असेल तर ते वर्ष उशिराचंच असणार. अशा वेळी ट्रेडमार्कची नोंद उपयोगी पडते: नाव कधीपासून वापरात आहे आणि मालक कोण, ते अर्जदाराने तिथे स्वतः लिहिलेलं असतं. अधिकृत भांडवलाच्या आकड्याला भुलू नका, ती नुसती मर्यादा आहे. भरणा झालेलं भांडवल आणि नफा-तोटा पत्रकातली विक्री बघा. पाच वर्तमानपत्रांत मुलाखत आली असेल तर ती एकाच तोंडून आलेली एकच गोष्ट आहे, पाच पुरावे नव्हेत. ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांच्या संकेतस्थळावर, एकाच नावाची ढीगभर माणसं निघतात, तेव्हा तिथे फार जपून. आणि खटला चालू आहे म्हणजे गुन्हा झाला, असं नाही.

बाबा, वागळे इस्टेटमध्ये तुमची हयात गेली, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एप्रिल 2025 मध्ये जेनसोल इंजिनिअरिंग या कंपनीबद्दल अंतरिम आदेश काढला. तो कुणालाही वाचता येतो. विजेच्या 30,000 गाड्यांची आगाऊ मागणी आल्याचं कंपनीने शेअर बाजाराला कळवलं होतं. शेअर बाजाराचा अधिकारी चाकणच्या कारखान्यात गेला तेव्हा तिथे उत्पादन चालू नव्हतं, दोन-तीन मजूर होते. महावितरणची बिलं पाहिली, तर वर्षभरातलं सर्वांत मोठं बिल साधारण 1.57 लाखांचं. गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचं! तुम्ही ते बिल नुसतं हातात घेऊन सांगितलं असतंत. अर्जदारांची वीजबिलं आपल्याला मागायची नाहीत, पण ठाण्याहून लोकलने ऐरोलीनंतर रबाळे येतं. जाऊन शॉप फ्लोअरवर उभे राहा. मशीन चालू आहे की पाहुण्यांसाठी पुसून ठेवलंय, हे समितीत तुमच्याइतकं कुणाला कळणार आहे?

एक विनंती मात्र कळकळीची आहे. या कागदांत घरचे पत्ते असतात, बायकामुलांची नावं असतात, जुनी भांडणंही असतात. धंद्याशी संबंध असेल तेवढंच बघा, आणि जे दिसेल ते समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. माणूस सन्मानासाठी आपल्या दारात आलाय, त्याला आरोपी करून परत पाठवायचं नाही.

पुढच्या वर्षीच्या अर्जात एक रकाना वाढवून घ्या: ‘सुरुवातीला तुमच्याबरोबर कोण कोण होतं, आणि त्यांनी काय काय केलं?’ निदान अर्धं पान रिकामं ठेवा त्याच्यासाठी. यंदाच्या लोकांना हाच प्रश्न फोनवर विचारता येईल, आणि तो आईने विचारावा असं मला वाटतं. तिच्याशी लोक बोलतात. मी रविवारी खारघरहून सकाळच्या गाडीने येते, उरलेले अर्ज तिघं मिळून बघू.

तुमची लेक