कल्ले, टाकी आणि आपली विहीर

मालवण,
14 डिसेंबर

प्रिय दिग्या,

आज मी समुद्राच्या तळाला गुडघे टेकून आलो. अंग अजून खारट आहे, पण पहिलं तुलाच लिहायला बसलो. खाली सारखी आपल्या वाडीतली विहीर आठवत होती. पोहायला शिकताना माझ्या पाठीचा भोपळा सुटला आणि तू केसांना धरून मला पायरीपर्यंत ओढलंस, त्याला आता तीस वर्षं झाली. तेव्हापासून मी गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलो नव्हतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून उतरलो. पाठीवर टाकी. तिच्यात निव्वळ ऑक्सिजन असतो असं मी समजत होतो, पण आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. डोकं बुडालं तसा सवयीने श्वास रोखला. शिकवणाऱ्या मुलाने लगेच खूण केली, घे! वर त्याने बजावलंच होतं, काहीही झालं तरी श्वास कोंडायचा नाही. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा कोंडून वर आलं, तर ती दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. आम्ही सहाएक मीटरवरच होतो, तरी कान ठणकले. नाक चिमटीत धरून फुंकलं, टक् झालं, मोकळे.

मग काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले. एक अगदी हातभर अंतरावर थांबला. त्याचा कल्ला उघडत होता, मिटत होता. दिग्या, बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून लाल आहे की नाही एवढंच आपण आजवर पाहिलं. तो चालताना मी आज पहिल्यांदा पाहिला. लिटरभर हवेत दोनशे मिलिलिटर ऑक्सिजन असतो, समुद्राच्या कोमट पाण्यात जेमतेम पाच. तेवढ्यावर हा जगतो, कारण कल्ल्यात पाणी एका दिशेने वाहतं आणि रक्त त्याच्या उलट, त्यामुळे पाण्यातला बराचसा ऑक्सिजन रक्तात उतरतो. आणि तोच मासा हवेत आणला की कल्ल्याचे पदर एकमेकांना चिकटतात. भोवती एवढा ऑक्सिजन असून जीव गुदमरतो.

आपल्या खाडीतली निवटी आठवते? ओहोटीला चिखलात टणाटण उड्या मारायची, हातात म्हणून सापडायची नाही. ती कल्ल्यांजवळ पाणी भरून घेऊन बाहेर येते, शिवाय ओल्या कातडीतूनही श्वास घेते. ती पाणी घेऊन वर येते, मी हवा घेऊन खाली गेलो. हे सुचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

इंडोनेशियातले बजाऊ लोक टाकीशिवायच बुड्या मारतात. त्यांची पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा दीडपट मोठी असल्याचं 2018 साली संशोधकांनी दाखवलं. बुडी मारली की पाणथरी आकसते आणि साठवलेलं रक्त अंगात सोडते. सील या समुद्री प्राण्याचंही असंच. आपल्यातही थोडं आहेच. गार पाणी चेहऱ्याला लागलं, श्वास रोखला, की काळीज सावकाश चालू लागतं, ऑक्सिजन पुरवून वापरतं. त्या दिवशी विहिरीत तू पोचेपर्यंत माझं शरीरही हेच करत असणार. मी इतकी वर्षं त्याला भित्रं म्हणत आलो.

पावसाळ्याआधी ये. पावसाळ्यात इथला समुद्र बंद होतो, आणि पाणी आत्ता छान नितळ आहे. होडीच्या शिडीवरून उतरताना मला तुझा हात हवाय.

तुझाच,
बाळ्या